टर्बो थंड होईपर्यंत

धर्मपाल मनवरनं गाडी घेतली ही बातमी गल्लीत आधी पोचली आणि गाडी तिच्या मागून, चांगली तास-दीड तासानं आली. आर्णी ते दिग्रस या रस्त्यावर एसटीचे जेवढे म्हणून थांबे आहेत, त्या प्रत्येक थांब्यावर त्यानं ती उभी केली होती. त्याचाही इलाज नव्हता. उभा जन्म कंडक्टरकीत गेलेला. थांब्याचं शेड दिसलं की त्याच्या अंगातलं काहीतरी आपोआप थांबायचं. निवृत्तीनंतर तो ड्रायव्हिंग शिकायला गेला तेव्हा स्टिअरिंगवर बसून मागं वळून "सरका पुढं" म्हणाला होता, असं गल्लीतले लोक सांगतात. गल्लीतले लोक काहीही सांगतात. पण गाडी मागं घेताना तो स्वतःच स्वतःला तोंडानं शिट्टी मारायचा, हे मात्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

शेजारचे बबनराव ओट्यावर बसूनच होते. कपाशीवाला माणूस, वेचणी आटोपली की ओट्यावर बसण्याखेरीज त्याला दुसरं महत्त्वाचं काम नसतं.

"तिकीट कितीचं पडलं, धर्मपाल?"

"काटलंच नाही, बबनराव. स्टाफ हाय."

"चालली किती?"

"दोन लाख साठ हजार किलोमीटर."

"बाप्पा. मंग तुह्यासंगं तिलेही रिटायर कराचं होतं. शाल-नारळ एकातच झालं असतं."

धर्मपाल हसला, पण गाडीतून उतरला नाही. इंजिन तसंच चालू. त्यानं हात जोडले, मान खाली घातली आणि ओठ हलवायला लागला. बबनरावांना वाटलं, गाडीची पूजा चालू असेल. मग आठवलं, हे तर बौद्धाचं घर, इथं गाडीची पूजा कुठली. ते ओट्यावरून उठून खिडकीशी आले. धर्मपालनं शांतपणे तोंडातलं संपवलं, चावी फिरवली, गाडी बंद केली आणि मगच दार उघडलं.

"टर्बो हाय," तो म्हणाला.

हे टर्बो प्रकरण त्याला आर्णीच्या शंकरसिंगनं शिकवलेलं. शंकरसिंगचं गॅरेज, आणि जोडीला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री. जिभेवर ऑइल टाकल्यासारखा बोलायचा. "काका, दिसाले लहान हाय, पन टर्बो हाय. आधी उलीसा विचार करते, मंग अशी ओढते का मागच्याले वाटते पुढच्यानं खेचलं. इंजिनच्या धुरावर फिरनारा पंखा राह्यते आतमधी. लय जोरात फिरते, लाल होते. म्हनून एक नियम पाळा. मुक्कामाले पोचल्याबरोबर चाबी फिरवू नका. एक बिडी होईन एवढा टाइम चालूच राहू द्या. थंड होऊ द्या त्याले. ताबडतोब बंद कराल तं आतलं तेल जळते आन पंखा मरते. बाकी या गाडीले मरन नाही."

धर्मपाल बिडी ओढत नव्हता. त्यानं त्रिसरण-पंचशील म्हणून पाहिलं, ते बरोबर बिडीएवढं भरलं. आणि नियम म्हटला की धर्मपाल तो पाळणार. नोकरीत असताना त्यानं सख्ख्या मेव्हण्याला विनातिकीट सोडलं नव्हतं, तर टर्बोला काय सोडणार. त्या दिवसापासून गाडी जिथं थांबेल तिथं पंचशील.

"आधी कोनाची होती?" एवढं त्यानं विचारलं होतं.

"डायवर होता एक. भाड्यानं चालवे," शंकरसिंग म्हणाला आणि पाना पुसायला वळला. पाना स्वच्छच होता.

आता, एसटीचा जन्मभराचा भक्त, त्याला गाडी कशाला हवी? तर त्याची एकुलती एक पायल फुलसावंगीला दिलेली. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं, हा रिवाज. त्यात सातव्या महिन्यातच तिचा रक्तदाब वाढला, पाय सुजले. दिग्रसच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की वेळेच्या आधीच हिला इकडं आणून ठेवा, दवाखान्याजवळ, आणि एसटीचे धक्के नकोत. जावई संघदीप पुण्याला कंपनीत. घरात फक्त पायल आणि तिची सासू रुखमाबाई. धर्मपालनं साऱ्या जन्मात किती पोटुशा बायांना उठून जागा करून दिली असेल; आता स्वतःच्या लेकीसाठी एक सीट त्याला कुणाला न उठवता द्यायची होती. दीपमाला, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, की एखाद्या दिवसाची गाडी भाड्यानं करा ना. तो म्हणाला, एखाद्या दिवसाचं काम नाही हे. आणि तेही खरंच होतं.

पायलला आणायला जायच्या आधी हात बसावा म्हणून तो रोज गाडी काढायचा. आणि रोज काहीतरी काम निघायचं. जिनिंग चालू असली की दिग्रसच्या हवेत कापूस असतो; हवेचा फिल्टर उघडला की आत दुलईएवढी रुई. तो ती हातानं वेचून काढायचा. तेलाची काडी काढून बघायचा, पुसायचा, परत बघायचा.

"माहे डोये दाखवाले न्याले टाइम नाही तुमाले," दीपमाला म्हणायची, "आन तिचं तेल रोज तपासता."

"तिचं तेल कमी होते."

"माहं होत नाही का?"

बबनरावांनी लिंबू-मिरची बांधायचा सल्ला फुकटात दिला. धर्मपाल म्हणाला, आमच्यात नसते ते. त्याच्या बापानं छप्पन सालानंतर लगेच धम्म घेतला होता, घरातले देव नदीत सोडले होते, आणि त्यांच्यासंगं भुतंही गेली, असं बाप सांगायचा.

"तुमच्यात नसते," बबनराव म्हणाले, "पन जुन्या गाडीत कोनाचं काय असते, ते कोनाले माहीत?"

ते चेष्टेनं म्हणाले होते. पुढं बरेच दिवस त्यांना वाटत राहिलं, की आपण बोललो नसतो तर बरं.

पहिली खोड होती मागच्या डाव्या खिडकीची. तिची काच वर राहतच नसे. वर करावी, थोडं अंतर जावं, की ती अर्ध्यावर उतरलेली. शंकरसिंगनं आतली पट्टी बदलून दिली, तरी दुसऱ्या दिवशी तेच. दुसरी खोड वासाची. दुपारी गाडी उन्हात तापली की मागच्या सीटमधून वास उठायचा; तिखट, नाकात बसणारा, शेतातल्या कोठीत फवारणीचं औषध ठेवलेलं असतं तसा. त्यानं सीटची कव्हरं बदलली, नवी लाल घेतली. वास लाल कव्हरातूनही आला.

आणि तिसरी गोष्ट गाडीत नव्हती, रस्त्यावर होती. पुसदच्या अलीकडं-पलीकडं, महागावच्या रस्त्याला, लोक थांब्यावर उभे असत, लांबून गाडी पाहून हात करत, आणि ती जवळ आली की हात खाली घेत. हात दाखवणारे प्रवासी धर्मपालनं लाखांनी पाहिले होते. दाखवलेला हात परत घेणारा एकही नाही. एका ठिकाणी एका म्हाताऱ्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि गाडी पुढं जाईपर्यंत तसाच उभा राहिला. दुसऱ्या एका गावाच्या फाट्यावर तो नियमाप्रमाणं पंचशील म्हणत थांबला होता, तर डोक्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा भारा घेतलेली एक बाई गाडीजवळ आली. तिनं धर्मपालकडं पाहिलंच नाही. वाकून मागच्या सीटकडं पाहिलं.

"कोन हाय?"

"कोनी नाही, बाई. रिकामी हाय."

"रिकामी बी येते का आता?" ती म्हणाली, भारा सावरला आणि गेली.

त्या दिवसापासून धर्मपाल आरशात पाहायला लागला. कंडक्टरला मागं न वळता कळतं गाडीत किती माणूस आहे ते. श्वासावरून, वजनावरून, वळणावर गाडी कशी कलते त्यावरून. आणि या गाडीत बसलं की त्याला सारखं वाटायचं, की मागं कुणीतरी आहे. टर्बो जोरात फिरायला लागला की बारीक शीळ यायची. त्या शिळेच्या खाली कुणी दम टाकत असल्यासारखं. आरशात लाल कव्हर, आणि अर्ध्यावर उतरलेली काच. भुतं नदीत सोडलेल्या घरातला माणूस तो. कुणाला सांगणार? दीपमालाला तर नाहीच. तिलाही तेच वाटत होतं आणि तीही त्याला सांगत नव्हती, हे नंतर कळलं.

मग एका सकाळी दोघं नवरा-बायको पायलला आणायला निघाले. दीपमालानं नवं लुगडं, तिळाचे लाडू, सगळं घेतलेलं. फुलसावंगीत पोचले, गल्लीत वळले, रुखमाबाईच्या दारासमोर गाडी उभी केली. वाटेत चढ होता, इंजिन चांगलंच तापलेलं. धर्मपालनं नियम पाळला. इंजिन चालू ठेवलं, हात जोडले, मान खाली घातली. नवरा म्हणतो म्हणून दीपमालानंही हात जोडले. दोघं खाली मान घालून, ओठ हलवत, दारं लावून गाडीत बसलेले. गाडी घुरघुरते आहे आणि कुणी उतरत नाही.

गल्लीतली दारं एकेक करून उघडली. कुणी बाहेर आलं नाही, फक्त दारात उभे राहिले. रुखमाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. गाडी पाहिली आणि उंबऱ्यावरच खाली बसली. बसली कसली, पडली.

"कोन हाय त्यात?" ती म्हणाली. "माहा संघदीप हाय का?"

धर्मपालनं पंचशील अर्ध्यावर सोडलं, घाईनं गाडी बंद केली आणि धावत आला. "इहीणबाई, आमी हावो. धर्मपाल. पायलले न्याले आलो. संघदीप पुन्याले बरा हाय."

तिला ते समजायला वेळ लागला. पायल आतून पोट सावरत आली, सासूला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर रुखमाबाई उठली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या डाव्या खिडकीशी थांबली. काच अर्ध्यावर होती.

"ही कुठून आनली तुमी?"

"आर्णीहून. काहून?"

मग तिनं सांगितलं. बोंडअळीचं साल. अळी मरेना म्हणून लोक एकावर एक औषध मारत होते. डोक्याएवढी उंच कपाशी, पाठीवर पंप, वारं नाही. तिचा नवरा मजुरीनं फवारायला जायचा. त्या हंगामात एकेका गावातून माणसं चक्कर येऊन पडायला लागली. डोळ्यांनी दिसेना, तोंडाला फेस. ॲम्ब्युलन्स तरी किती ठिकाणी पुरणार? मग ही गाडी. एका तांड्यावरचा ड्रायव्हर घेऊन जायचा, थेट यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात. आणि आणूनही सोडायचा.

"जित्ता मानूस आनला का दारात आल्याबरोबर दारं उघडत," रुखमाबाई म्हणाली. "बोलनं, हाका, गडबड. आन नसला जित्ता, तं गाडी अशीच उभी राहे. चालू. कोनी उतरे नाही. आमी बाया घरात बसून तेच ऐको. कोनाच्या दारात घुरघुरून राह्यली. आमच्या दारात तुमच्या इवायाले घेऊन आली तवा मी सैपाकच करत होती."

धर्मपालला जे म्हणता आलं ते त्यानं म्हटलं, आणि ते चुकीचं होतं.

"इहीणबाई, आपन भूत-खेत मानत नाही."

"मी कुठं मानते? भूत असतं तं बरं होतं. नारळ देऊन, कोंबडं देऊन घालवलं असतं लोकाइनं. हे तं आमच्या डोयानं पाह्यलेलं हाय. याले काय देता?" आणि सुनेकडं पाहून, "पायल या गाडीत बसनार नाही. दुसरी आना, मी स्वतः आनून सोडतो. या गाडीत पोटात लेकरू घेऊन बसू नाही देत."

पायल म्हणाली, बाबा, मी येतो ना एसटीनं, बसतो समोरच्या सीटवर. तिचे पाय मडक्यासारखे सुजलेले होते. दीपमालानं लाडवांचा डबा ओट्यावर ठेवला. परत येताना ती जातानासारखी मागं बसली नाही. पुढं बसली, आणि दिग्रस येईपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धर्मपाल आर्णीला. शंकरसिंग पाना पुसायला वळणार, तेवढ्यात धर्मपालनं तो पाना हातात घेतला.

"खरं सांग. कोनाची?"

"सेवादासची," शंकरसिंग म्हणाला. "काका, इंजिन चांगलं हाय. त्यात मी खोटं नाही बोललो."

"मी इंजिनचं विचारून नाही राह्यलो."

सेवादास तांड्यावर सापडला. गाडी सोडून बैलबंडी हाकायला लागलेला. पऱ्हाटी भरत होता. गाडीचा आवाज त्याला लांबूनच ओळखू आला असावा, कारण धर्मपाल पोचला तेव्हा तो पाठ करून उभा होता. गाडी थांबली, पंचशील झालं, इंजिन बंद झालं, आणि मग तो वळला.

"तुमी बी पाळता का नियम?" तो म्हणाला.

"पाळतो."

"म्या बी पाळला. पहिल्या वक्ताले नियमच होता तो." सेवादास बंडीच्या चाकाला टेकून बसला. "मागं मेलेल्या मानसाची घरवाली बसलेली राहे नाहीतं भाऊ. मांडीवर डोकं. इंजिन चालू हाय तोवर कोनी काही बोलत नाही. बंद केलं का पह्यला हुंदका. मंग मले बंदच करवेना. पंखा कवाच थंडा झालेला राहे आन मी बसून राहो. तेवढा टाइम त्या घरचा मानूस अजून मेला नाही, असं वाटे. लोकाइले वाटे हा अपशकुन करून राह्यला."

"आन काच?"

"काच म्याच खाली ठेवो. दम घुसमटे त्याइचा. तिले सवय झाली असंन."

धर्मपालनं विचारलं, गाडी विकली कशाला? सेवादास हसला, कसंनुसं. "घरी आलो का लालीबाई बाहेरच येईना. माही बायको. म्हने, आधी बंद करा, मंग दार उघडतो. रोज. सांगा, किती दिवस चालन?" मग उठून परत पऱ्हाटी भरायला लागला. पाठ करूनच म्हणाला, "फुलसावंगीले नका नेऊ, काका. तिकडं लय चकरा झाल्या तिच्या."

गाडी विकायची ठरली, आणि पायलला आणायला पुढच्या आठवड्यात भाड्याची गाडी सांगून ठेवली. शंकरसिंग परत घ्यायला तयार नव्हता. घेणारा दुसरा कुणी मिळेना. बबनराव ओट्यावरून म्हणाले, "दूर कुठं वऱ्हाडाच्या बाहेर विक. तिकडं कापूस नसते, तं आठवनही नसन." ते बरोबरच बोलत होते, पण तेवढा वेळ मिळाला नाही. त्याच आठवड्यात भर दुपारी फोन आला. पायलचा नाही, रुखमाबाईचा.

"इवाई, पायलचं डोकं फाटून राह्यलं. डोयापुढं अंधारी येते म्हनते. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली, याले टाइम हाय. इथी दुसरी गाडी नाही. तुमी या."

"माह्याजवय तीच हाय, इहीणबाई."

तिकडून पायलचं कण्हणं ऐकू आलं.

"या," ती म्हणाली.

दीपमालाला त्यानं दवाखान्यात पुढं पाठवलं, डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवायला. आणि निघाला. गल्लीच्या तोंडाशी एसटीचा थांबा आहे. तिथं गाडी थांबली नाही तेव्हा बबनराव ओट्यावर उठून उभे राहिले.

धर्मपाल कुठंच थांबला नाही. टर्बो शीळ घालत होता, चढावर गाडी खरंच मागच्यानं ढकलल्यासारखी चालत होती. आरशात पाहायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पाहिलंच. लाल कव्हर, उतरलेली काच. आणि मागं भरलेलं. आज त्याला त्याची भीती वाटली नाही असं नाही. पण कंडक्टरला भरल्या गाडीची सवय असते. "सरकून घ्या," तो मोठ्यानं म्हणाला, "पुढच्या थांब्यावर बाईमानूस बसनार हाय." आपण काय बोललो हे त्याला पुढच्या वळणावर कळलं.

रुखमाबाईच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं चावी फिरवली. गाडी चालत असतानाच. टर्बो लालबुंद असणार. आत तेल जळत असणार. स्टिअरिंग एकदम जड झालं, ब्रेकवर उभं राहावं लागलं. आवाज न करता घरंगळत गाडी दारापाशी आली, आणि ती उभी राहायच्या आधीच धर्मपालनं दार ढकललं, खाली उतरला आणि चारही दारं धडाधड उघडली.

"फुलसावंगी," तो स्टँडवर ओरडावं तसा ओरडला. "चला, फुलसावंगी."

रुखमाबाई दारातच होती. तिनं ते पाहिलं. दोघांनी मिळून पायलला मागच्या सीटवर बसवलं. मग रुखमाबाई उघड्या दारापाशी उभी राहिली, हात गाडीच्या टपावर.

"त्याइले नेलं त्या दिवशी मले बी न्या म्हनलं होतं," ती म्हणाली. "जागा नव्हती. दोन मानसं आधीच होती. दिराले बसवलं." आणि ती आत शिरली. खिडकीजवळ, डावीकडं. पायलचं डोकं मांडीवर घेतलं.

परतताना गाडी वेगळी होती. शीळ बदलली; आधी बारीक होती, आता घासल्यासारखी. मागं निळा धूर सुटला. चढावर गाडी विचारच करत राहिली, ओढेना. धर्मपाल पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तिला रेटत होता आणि मागं रुखमाबाई पायलशी बोलत होती. झोपू नको. डोये उघडे ठेव. हे पाहा, शाळा आली. हे पाहा, नाला. खिडकीतून जे दिसेल ते ती सांगत होती. मधेच ती एका वाक्यात चुकली. पायलला "उठून बसा ना जराक" म्हणाली, "अहो" म्हणाली. पायलनं हुं केलं. धर्मपालनं आरशात पाहिलं नाही.

दिग्रसला दवाखान्याच्या आवारात दीपमाला आणि एक नर्स उभ्याच होत्या. त्यांनी पायलला उतरवलं. दोन्हीकडून धरल्यावर ती सुजल्या पायांनी चालत आत गेली. धर्मपालनं चावीला हात घातला.

"राहू द्या," मागून आवाज आला. रुखमाबाई उतरली नव्हती. "बंद नका करू आताच."

तो बसून राहिला. निळा धूर आवारभर. वॉचमन आला, म्हणाला, काका, गाडी हटवा, पेशंट खोकलून राह्यले. धर्मपाल म्हणाला, टर्बो हाय, थंड होऊन राह्यला. वॉचमन म्हणाला, मले तं मेलेला दिसते. पण गेला. रुखमाबाईनं खिडकीच्या अर्ध्या काचेवर तळहात ठेवलेला होता आणि ती बाहेर दवाखान्याच्या दाराकडं पाहत होती. ऊन सरकलं, लिंबाची सावली गाडीवरून पलीकडं गेली. डिझेलचा काटा खाली आला. एकदा ती म्हणाली, "ते बी या काचेतूनच पाहत असतीन."

शेवटी दीपमाला बाहेर आली. चालण्यावरूनच त्यानं ओळखलं.

"दाब उतरून राह्यला," ती खिडकीशी वाकून म्हणाली. "आज ठेवतीन. उद्या-परवा लेकरू काहाडू म्हनते डॉक्टरीणबाई. लेकराचा ठोका चांगला हाय."

"बोलते का?" रुखमाबाईनं विचारलं.

"बोलते. चिडते बी. म्हने, आई कुठं गेली."

"कोनती आई?"

"तुमी."

दाराचं हँडल अडकत होतं. धर्मपाल उतरून उघडायला येणार, तर रुखमाबाईनं उतरलेल्या काचेवरून हात बाहेर घालून ते बाहेरून उघडलं. जशी तिला त्या दाराची सवयच होती. पदर सावरला आणि पायरी चढून आत गेली.

मुलगी झाली. टर्बो मेला होता. शंकरसिंगनं कुठल्यातरी अपघाताच्या गाडीतला दुसरा काढून बसवला, अर्ध्या मजुरीत, मान वर न करता. नव्या पंख्याला शीळ नाही. काच अजून उतरते. गाडी धर्मपालकडेच आहे. विकली का नाही म्हणून बबनरावांनी विचारलं, तर म्हणाला, "आतमधली मानसं कुठं उतरवू?" बबनरावांनी त्यावर काही चेष्टा केली नाही. त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच खेप असावी.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सगळे फुलसावंगीला निघाले. रुखमाबाईनं आधीच निरोप धाडला होता, की पायल आणि नात त्या गाडीतून खुशाल येऊ द्या, पण गाडी माह्या दारात आनू नका. स्टँडपाशी उभी करा, मी पायी येऊन घेऊन जातो. तशी ती आली. बाळाला घेतलं, गाडीच्या टपावर एकदा हात ठेवला आणि गल्लीत गेली. पायल आणि दीपमाला तिच्या मागं.

धर्मपाल एकटा गाडीत राहिला. नियम होता. इंजिन चालू, हात जोडलेले, मान खाली. जवळच्या हापशावर दोन बाया पाणी भरत होत्या. एकीनं गाडीकडं पाहिलं. दुसरीनं पाहिलं. हापसा थांबला. मग पहिलीनं अर्धा भरलेला हंडा उचलला आणि भराभर आपल्या घराकडं चालायला लागली.